त्याच रस्त्यासाठी पुन्हा दावा – रेस ज्युडिकाटाचा बचाव कसा घ्यावा?

बांधकरी: आमच्या शेतातून वहिवाटीचा रस्ता मिळावा म्हणून शेजारच्या काकांनी दावा लावला होता. तो फेटाळला गेला, अपीलही फेटाळलं गेलं, पुढे ते गेले नाहीत. आता काका नाहीत आणि त्यांच्या मुलाने त्याच रस्त्यासाठी नवा दावा टाकलाय. समन्स आलंय. सगळे म्हणतात, रेस ज्युडिकाटा (एकदा निकाल लागलेला वाद पुन्हा चालवता येत नाही, हे तत्त्व) लागतो, घाबरू नका. जाणकारांनी सल्ला द्यावा.

जुनी_फाईल: लागतो. मुलगा वडिलांचाच हक्क सांगतोय, त्यामुळे वडिलांवरचा निकाल त्यालाही बांधील.

तालुकाकोर्ट: आधी एक सांगा दादा, जुना निकाल तहसीलदारांचा की दिवाणी न्यायालयाचा? तहसीलदारांनी मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली दिलेला आदेश असेल तर दिवाणी दाव्याची वाट बंद होत नाही.

बांधकरी: दिवाणीच. अपील जिल्हा न्यायालयात होतं. पण मुलगा आता म्हणतो, वीस वर्षांहून जास्त वापर आहे म्हणून हक्क. काकांनी 'दुसरा रस्ताच नाही' एवढंच म्हटलं होतं.

तालुकाकोर्ट: मग बाजू भक्कम आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ११ चं चौथं स्पष्टीकरण वाचा. जो मुद्दा आधीच्या दाव्यात घेता आला असता आणि घ्यायलाच हवा होता, तो निर्णीत झाला असंच धरतात. वीस वर्षांचा वापर तेव्हाही होता ना? मग तो तेव्हाच मांडायचा. फक्त मुलाच्या वादपत्रात (दाव्याच्या मूळ अर्जात) हा वापर कधीपासूनचा लिहिलाय ते बारकाईने बघा, सगळी मदार त्यावर आहे.

पण कोर्ट हे आपणहून शोधून काढत बसत नाही. प्राङ्न्यायाची, म्हणजे रेस ज्युडिकाटाची, हरकत कैफियतीत (दाव्याला द्यायच्या लेखी उत्तरात) स्पष्ट घ्या. कैफियतीची मुदत समन्स बजावल्यापासून ३० दिवस, कोर्टाने वाढवली तर ९०. नुसतं निकालपत्र जोडून भागत नाही. जुनं वादपत्र, कैफियत, कोर्टाने काढलेले वादाचे मुद्दे, दोन्ही निकालपत्रं आणि हुकूमनामे, सगळ्याच्या सहीशिक्क्याच्या नकला काढा. तेव्हा नेमकं काय वादात होतं, हे त्यातूनच सिद्ध होतं.

जुनी_फाईल: त्याच संहितेच्या ऑर्डर ७ नियम ११ खाली सुरुवातीलाच वादपत्रच फेटाळून घेतलं तर?

तालुकाकोर्ट: त्यात सहसा यश येत नाही. तिथे फक्त वादपत्र बघतात, आणि या बचावासाठी जुने कागद तपासावे लागतात. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये हेच सांगितलंय. प्राथमिक मुद्दा काढायची, म्हणजे हा बचाव बाकी मुद्द्यांआधी ठरवायची, विनंती करून बघा. आणि दादा, मुलाने तूर्तातूर्त ताकीद (दावा चालू असेपर्यंतचा मनाई हुकूम) मागितली असेल तर त्या अर्जावरचं तुमचं लेखी म्हणणं आधी द्या. नकलांचा अर्ज उद्याच टाका, जुनं रेकॉर्ड सापडायला वेळ लागतो.