सायकलस्वाराला मागून पिकअपची धडक : नुकसानभरपाईच्या दाव्याबाबत सल्ला हवा आहे (पारोळा, जि. जळगाव)

गिरणाकाठ

नमस्कार. माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, पारोळ्याजवळच्या आमच्या गावातून सायकलवर दूध घालतात. त्यांचे वय ४३ आहे. गेल्या महिन्यात पहाटे सुरत-नागपूर महामार्गाच्या डाव्या कडेने जात असताना मागून आलेल्या पिकअपने त्यांना उडवले. उजव्या मांडीचे हाड मोडले आणि मनगटही फ्रॅक्चर झाले. धुळ्याच्या एका खाजगी रुग्णालयात मांडीत रॉड टाकला असून डॉक्टरांनी बरेच महिने पायावर भार द्यायचा नाही असे सांगितले आहे. गाडी गुजरात पासिंगची आहे, तिचा नंबर गावातल्या मुलांनी टिपून ठेवला आहे.

पोलीस ठाण्यात आम्ही त्याच दिवशी गेलो होतो, परंतु तेथे केवळ स्टेशन डायरीला नोंद झाली असून गुन्हा दाखलच झालेला नाही, हे आता कळते आहे. दरम्यान गाडीचा मालक दोन मध्यस्थ घेऊन घरी येऊन गेला. तो ४० हजार रुपये द्यायला तयार आहे, मात्र त्यासाठी स्टॅम्प पेपरवर “आमची कोणतीही तक्रार नाही” असे लिहून मागतो. गावातली वडीलधारी मंडळी सांगतात, “कोर्टकचेरीमा काय ठेयेल शे, आपसमा मिटाडी ल्या.” रुग्णालयाचे बिलच या रकमेच्या कितीतरी पुढे गेले आहे.

अण्णांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते, सायकलला दिवा नव्हता, आणि दुधाच्या धंद्याची कोणतीही पावती वा हिशेब आमच्याकडे नाही. अशा स्थितीत दावा टिकतो का? तो सुरतला जाऊन लावावा लागेल का? आणि वकील निवडताना काय पाहावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

वकील_धुळे

गिरणाकाठ, सर्वप्रथम त्या स्टॅम्प पेपरवर अण्णांची सही किंवा अंगठा होऊ देऊ नका. हे मी अत्यंत कळकळीने सांगतो आहे, कारण चांगले दावे कमकुवत होण्यामागे कायद्यातील त्रुटीपेक्षा असा घाईत लिहून दिलेला कागदच अधिक वेळा असतो. मालकाला मदत करायचीच असेल तर त्याने रुग्णालयात बिल भरावे आणि त्याची पावती घ्यावी, त्यासाठी “तक्रार नाही” असे लिहून देण्याची काहीही गरज नाही.

दुसरी गोष्ट गुन्ह्याची. हाड मोडणे ही कायद्याच्या व्याख्येप्रमाणे गंभीर दुखापत आहे, त्यामुळे भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ आणि १२५ (ब) खाली गुन्हा दाखल होणे आवश्यक आहे. पोलीस ठाणे नकार देत असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ (४) नुसार संपूर्ण हकीकत लिहून जिल्हा पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. तेथेही दखल घेतली गेली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. एफआयआरची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. उशीर का झाला, हे फिर्यादीतच स्पष्टपणे लिहा : रुग्ण शस्त्रक्रियेसाठी दाखल होता आणि ठाण्यात त्याच दिवशी खबर दिली होती. उशिराचे सबळ कारण दिले असेल तर केवळ उशीर झाला म्हणून दावा फेटाळला जात नाही.

दाव्यासाठी सुरतला जाण्याची आवश्यकता नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ खालील अर्ज जेथे अपघात झाला तेथील, जेथे जखमी व्यक्ती राहते वा व्यवसाय करते तेथील, किंवा जेथे प्रतिवादी राहतो तेथील मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करता येतो, आणि ही निवड अर्जदाराची असते. म्हणजे तुमचा दावा जळगाव जिल्ह्यातच चालू शकतो, मालक आणि विमा कंपनी यांना येथे हजर राहावे लागेल. निकालाने समाधान झाले नाही तर अपील उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे जाते.

मुदतीबाबत मात्र गाफील राहू नका. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार अर्ज अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. या मुदतीच्या वैधतेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेलेला असला, तरी त्या भरवशावर कोणीही बसू नये.

आता तुमच्या मनातील मुख्य शंका. सायकल हे मोटार वाहन नाही, त्यामुळे तिला परवाना, नोंदणी वा विमा लागत नाही, आणि हेल्मेटची सक्ती करणारे कलम १२९ मोटारसायकलसाठी आहे. अण्णांच्या डोक्याला मार नाही, मार मांडीला आणि मनगटाला आहे, तेव्हा हेल्मेटचा मुद्दा येथे उपस्थितच होत नाही. दिव्याचा मुद्दा मात्र विमा कंपनी नक्की काढील. सायकलस्वाराचीही चूक होती असे सिद्ध झाले तर तितक्या टक्क्यांनी भरपाई कमी होते, परंतु ती सिद्ध करण्याचा भार कंपनीवर असतो, आणि मागून धडक देणाऱ्या चालकाला “मला दिसले नाही” एवढ्या उत्तराने सुटका मिळत नाही. पादचारी, सायकलस्वार, मुले आणि वृद्ध यांच्याबाबत विशेष काळजी घेणे हे २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांनी चालकाचे कर्तव्यच ठरवले आहे. शिवाय दाव्यात फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही. अधिक संभाव्य काय आहे, एवढेच न्यायाधिकरण पाहते.

आणखी एक सावधगिरी. कलम १६४ खाली चालकाची चूक सिद्ध न करताही गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळू शकतात, आणि विमा कंपनीचा अधिकारी तसा प्रस्ताव घेऊन येऊ शकतो. ती रक्कम कंपनीच्या तडजोड प्रक्रियेतून स्वीकारली की कलम १६६ चा मोठा दावा आपोआप संपतो. गरजेच्या काळात अडीच लाख मोठे वाटतात. आधी पुढचा हिशेब करा, मग उत्तर द्या.

केळीबाग_रावेर

वकील साहेबांनी कायदा सांगितला, मी अनुभवाचे सांगतो. माझ्या वडिलांना केळी भरायला जाताना ट्रकने धडक दिली होती, आणि आमच्या दाव्यात सर्वांत उपयोगी पडली ती त्यांची मोडकी सायकल. आम्ही ती दुरुस्त न करता गोठ्यात तशीच ठेवली होती. मागची रिम आत दुमडलेली होती, पुढचे चाक सरळ होते, आणि मागच्या मडगार्डवर ट्रकचा रंग घासलेला दिसत होता. कंपनीच्या वकिलांचे म्हणणे होते की सायकल अचानक रस्त्याच्या मधोमध आली. मधोमध आडवी आली असती तर मार कडेला बसला असता, हे त्या रिमवरून आणि पंचनाम्यावरून स्पष्ट झाले.

तेव्हा गिरणाकाठ, अण्णांची सायकल आणि दुधाच्या चेपलेल्या किटल्या भंगारात देऊ नका. कोणत्या बाजूने चेपल्या आहेत ते दिसेल असे फोटो काढा आणि घटनास्थळ पंचनाम्यात त्यांचा उल्लेख झाला आहे का ते तपासा. रस्त्यालगतच्या पेट्रोल पंपावर किंवा ढाब्यावर कॅमेरा असेल तर आजच जाऊन विचारा, कारण जुने चित्रीकरण काही दिवसांत पुसले जाते. ते ताब्यात घेण्याची लेखी विनंती तपास अधिकाऱ्यांना करा.

माजी_कारकून_जळगाव

मी जिल्हा न्यायालयाच्या कार्यालयातून निवृत्त झालो आहे. अण्णांच्या प्रकरणात भरपाईची रक्कम कशावर ठरेल, हे थोडे विस्ताराने सांगतो, कारण बहुतेक कुटुंबे रुग्णालयाच्या बिलापलीकडे विचारच करत नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात जखमी व्यक्तीला काय काय मागता येते ते स्पष्ट केले आहे. त्यात औषधोपचार, पुढील शस्त्रक्रियेचा खर्च, प्रवास आणि पौष्टिक आहार, अंथरुणावर असताना बुडालेली कमाई, कायमच्या अपंगत्वामुळे पुढे बुडणारी कमाई, आणि वेदना व आयुष्यातील सुखाला मुकणे यांचा समावेश होतो. घरातल्या माणसांनी केलेल्या सेवेचेही मोल धरले जाते. वहिनींनी मजुरी सोडून अण्णांची शुश्रूषा केली असेल तर ते दाव्यात लिहा.

याच निकालातील सर्वांत महत्त्वाचे तत्त्व असे की डॉक्टरांनी दिलेली अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईचे नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बैठे काम करणाऱ्या माणसाचा पाय थोडा आखडला तर त्याच्या पगारावर फारसा परिणाम होत नाही. दोन किटल्या लादून पहाटे सायकल मारणाऱ्या माणसाचा गुडघा पूर्ण वाकत नसेल, तर त्याचा धंदाच बंद पडतो.

समजा महिन्याची कमाई १२ हजार धरली, म्हणजे वर्षाला १ लाख ४४ हजार. प्रणय सेठी या २०१७ च्या निकालाप्रमाणे स्वतःचा धंदा करणाऱ्या ४० ते ५० वयोगटातील व्यक्तीसाठी भविष्यातील वाढ म्हणून २५ टक्के मिळवले की १ लाख ८० हजार होतात. सरला वर्मा या २००९ च्या निकालातील तक्त्यात ४१ ते ४५ वयाला १४ हा गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचे तो आकडा, आहे, म्हणजे २५ लाख २० हजार. आता प्रमाणपत्रातले अपंगत्व २० टक्के असेल आणि तेवढेच धरले, तर ५ लाख ४ हजार मिळतात. परंतु त्या अपंगत्वामुळे कमाईचे नुकसान ४० टक्के होते असे पटवून देता आले, तर १० लाख ८ हजार होतात. उपचारांचा खर्च आणि व्याज याखेरीज ही रक्कम आहे. आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत, परंतु उपचार करणाऱ्या अस्थिरोगतज्ज्ञांची साक्ष किती मोलाची असते ते यावरून कळेल. त्यांनी “रुग्णाला मांडी घालून बसता येत नाही, वजन उचलता येत नाही, पेडल मारता येत नाही” असे न्यायालयात सांगितले पाहिजे.

कमाईचा कागद नाही म्हणून खचून जाऊ नका. ज्यांच्याकडे दूध देत होता त्या चार-पाच घरांची व हॉटेलमालकाची प्रतिज्ञापत्रे, ज्यांच्याकडून दूध घेत होता त्या शेतकऱ्यांची साक्ष, आणि पैसे मोबाईलवर येत असतील तर बँकेचा उतारा, एवढे पुरेसे ठरू शकते. काहीच नसले तरी न्यायाधिकरण किमान वेतन आणि परिस्थिती पाहून अंदाजे उत्पन्न धरते. मात्र कमाई फुगवून सांगू नका, कारण उलटतपासणीत एक आकडा खोटा ठरला की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही संशय येतो.

सातपुडा_शिरपूर

माझा प्रश्न याच विषयातला आहे. आमच्या नात्यातील नववीतली मुलगी शाळेतून सायकलवर येत होती, गाडीने धडक दिली आणि ती थांबलीच नाही. नंबर कोणी पाहिला नाही. अशा वेळी मागायचे तरी कोणाकडे?

वकील_धुळे

अशा प्रकरणांसाठी कलम १६१ आहे. वाहन सापडलेच नाही तर गंभीर दुखापतीसाठी ५० हजार आणि मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात. अर्ज तहसीलदार वा प्रांताधिकारी पातळीवरील चौकशी अधिकाऱ्याकडे करायचा असतो, मंजुरी जिल्हाधिकारी देतात. रक्कम अपुरी आहे असेच माझे मत आहे, म्हणून वाहन शोधण्याचा आग्रह पोलिसांकडे लेखी धरा. नंतर वाहन सापडले आणि नियमित दाव्यात रक्कम मिळाली, तर आधी मिळालेली रक्कम त्यातून वजा होते.

मुलगी अल्पवयीन असल्याने ती कमावत नाही म्हणून तिचे नुकसान शून्य, असा युक्तिवाद कोणी केला तर तो मान्य करू नका. न्यायालये मुलांसाठीही उत्पन्न गृहीत धरून भरपाई देतात.

केळीबाग_रावेर

वकिलाच्या निवडीबद्दल राहिले. रुग्णालयात खाटेजवळ येऊन “क्लेम आम्ही करून देतो, निम्मे तुमचे” म्हणणाऱ्यांपासून दूर राहा. मिळालेल्या रकमेत वाटा ठरवून फी घेणे वकिलांच्या व्यावसायिक नियमांतच निषिद्ध आहे. कोऱ्या धनादेशावर सही मागणाऱ्याला तर घराबाहेरूनच परत पाठवा. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. स्त्रिया, मुले, अपंग व्यक्ती आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. १५१०० हा त्यांचा मदत क्रमांक आहे.

गिरणाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मालकाला आज निरोप धाडला आहे की कागदावर सही होणार नाही. अधीक्षकांना पाठवायचा अर्ज लिहून झाला आहे. एकच विचारायचे राहिले : अण्णांना अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळेपर्यंत दावा थांबवावा का? डॉक्टर म्हणतात, रॉड काढेपर्यंत टक्केवारी सांगता येणार नाही.

माजी_कारकून_जळगाव

अजिबात थांबवू नका. एफआयआर, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, आतापर्यंतची बिले, वाहनाचा नंबर आणि विम्याचा तपशील एवढ्यावर अर्ज दाखल होतो. विम्याची माहिती एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून पाहता येईल. प्रमाणपत्र नंतर पुराव्याच्या वेळी जोडता येते आणि मागणीची रक्कमही दुरुस्ती अर्जाने वाढवता येते. तोपर्यंत औषधाची प्रत्येक पावती, एक्स-रे आणि धुळ्याला जाण्या-येण्याच्या गाडीभाड्याची चिठ्ठी तारखेनुसार एका फाईलमध्ये लावत चला. पोलिसांनी कलम १५९ खालील अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवला की तोही अर्ज म्हणून धरला जातो, पण तुमच्या प्रकरणात गुन्हाच उशिरा नोंदला जाणार असल्याने त्याची वाट न पाहता स्वतःचा अर्ज लावावा, असे माझे मत आहे.