रहबामाचा मूर्खपणा नेमका कोणता? (1 राजे 12)

प्रश्न

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. आमच्या मंडळीच्या बायबल अभ्यासवर्गात सध्या 1 राजे सुरू असून बाराव्या अध्यायापाशी चर्चा अडली आहे. शखेमात जमलेल्या इस्राएल लोकांचे मागणे एवढेच होते की, शलमोन राजाने लादलेले जड जू त्याचा मुलगा आणि नवा राजा रहबाम याने हलके करावे, म्हणजे ते त्याची सेवा करतील. त्याने तीन दिवसांची मुदत घेतली, वडीलधाऱ्यांचा सल्ला टाकला, आपल्याबरोबर वाढलेल्या तरुणांचे ऐकले आणि बापाच्या चाबकांऐवजी विंचवांची धमकी दिली. वर्गातील बहुतेकांनी यातून ‘वडीलधाऱ्यांचे ऐकावे’ एवढाच बोध घेतला, तो मला अपुरा वाटतो. शिवाय पंधराव्या वचनाप्रमाणे हे परमेश्वराकडूनच घडले. मग रहबामाला दोष कसा द्यावा आणि आजच्या पुढाऱ्यांना या अध्यायावरून काय विचारावे?

प्रतिसाद 1

वयाचा मुद्दा फार ताणू नये, कारण 14:21 प्रमाणे राजा झाला तेव्हा रहबाम 41 वर्षांचा होता आणि त्याचे सोबतीही साधारण तेवढ्याच वयाचे असणार. खरा मुद्दा लोकांच्या तक्रारीचा आहे. शलमोनाने 30,000 माणसे वेठीस धरली होती आणि त्यांतील 10,000 आळीपाळीने महिनाभर लबानोनात राबत; बारा अधिकारी एकेक महिना राजघराण्याच्या अन्नाची तरतूद करत; मंदिराला सात वर्षे लागली, तर राजवाड्याला तेरा. एवढा भार वाहिलेले लोक समोर उभे असताना त्यांचे म्हणणे खरे आहे का, हे रहबामाने कोणालाच विचारले नाही. उत्तर काय द्यावे, एवढेच विचारले. त्याहून वाईट म्हणजे लोक फिरल्यावर त्याने त्यांच्याकडे पाठवला तो अदोराम, म्हणजे वेठीच्या कामांवरचाच अधिकारी! लोकांनी त्याला दगडमार करून ठार केले आणि राजाला रथातून यरुशलेमेकडे पळावे लागले. आपल्याकडेही निर्णय आधी ठरवून मग ग्रामसभा, जनसुनावणी किंवा मंडळीची वार्षिक सभा बोलावली जाते, तेव्हा मला हाच अध्याय आठवतो, कारण तेथेही सल्ला मागितला जातो, पण माणसांचे हाल कोणी विचारत नाही.

प्रतिसाद 2

पंधराव्या वचनाविषयी लिहितो. अहीया संदेष्ट्याने अकराव्या अध्यायात सांगितलेली राज्याची फूट शलमोनाच्या मूर्तिपूजेबद्दलचा न्याय होती, आणि तो न्याय रहबामाच्या हातून पुरा झाला; परंतु कठोर उत्तर त्याने स्वतःच्या इच्छेने दिले, कोणी त्याच्याकडून वदवून घेतले नाही. योसेफाला विकणाऱ्या त्याच्या भावांविषयी उत्पत्ति 50:20 मध्ये हेच दिसते: देवाने त्यांच्या कृत्यातून भले घडवले, म्हणून त्यांचा हेतू चांगला ठरला नाही. आज एखाद्या पुढाऱ्याच्या अन्यायाला ‘देवाची योजना’ म्हणून पाठीशी घालणारे विश्वासणारे भेटतात, तेव्हा मला फार दुःख होते. त्यांनी हे वचन पुन्हा नीट वाचावे.

वडीलधाऱ्यांचेही मी सरसकट कौतुक करणार नाही. त्यांनी राजाला लोकांचा सेवक होऊन गोड बोलण्यास सांगितले, पण त्यांच्या सल्ल्यात वेठ कमी करण्याचा स्पष्ट शब्द नाही. तरीही ‘सेवक हो’ हे म्हणणे मोलाचे आहे. मार्क 10:42-45 मध्ये प्रभू येशूने शिष्यांना दिलेली शिकवण त्याच दिशेची आहे.

प्रतिसाद 3

वर्गात अध्याय चोविसाव्या वचनावर थांबवू नये, अशी विनंती. रहबामाला नाकारून इस्राएलाच्या दहा वंशांनी ज्या यराबामाला राजा केले, तो स्वतः शलमोनाच्या कामांवरचा अधिकारी होता आणि लोकांची गाऱ्हाणी त्याला चांगली ठाऊक होती. तरीही लोक उपासनेसाठी यरुशलेमेस गेले तर पुन्हा रहबामाकडे वळतील, या भीतीने त्याने मसलत करून पूजेसाठी सोन्याची दोन वासरे केली आणि एक बेथेलात, दुसरे दानात ठेवले. त्यामुळे जुलमी राजाला नाकारल्यावर नव्या राजाच्या मनातील भीतीवर कोणाचे लक्ष होते, हा प्रश्नही वर्गाने त्या दहा वंशांना विचारायला हवा.