पहिल्यांदा एए (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट) मीटिंगला जायचंय, पण ओळखीचं कोणी भेटलं तर?

फर्स्टशिफ्ट_चाकण
नमस्कार मंडळी, वय 39, चाकणला कंपनीत क्वालिटीला आहे, राहायला चिंचवड. चारपाच वर्षं झाली रोज रात्री क्वार्टर लागते आणि सुट्टीला तर आता सकाळपासूनच. श्रावण दरवर्षी कडक पाळतो त्यामुळे वाटायचं की आपल्या हातात आहे सगळं, पण पोळा झाला की त्याच रात्री महिन्याचा हिशोब वसूल. या वर्षी श्रावणाचे पहिले तीन दिवस हात असे थरथरत होते की मापायचा व्हर्निअर धरवेना, पोरं हसत होती, तेव्हा टरकली. एएच्या मीटिंगला जावं म्हणतोय. तिथे आधार कार्ड वगैरे मागतात का? फी किती? उभं राहून बोलावंच लागतं का? आणि सोसायटीतला कोणी भेटला तर काय तोंड दाखवू? बायकोला अजून सांगितलेलं नाही.

सातवं_वर्ष
आधार नाही, फॉर्म नाही, फी नाही. नाव सुद्धा नुसतं पहिलं सांगायचं, आडनाव कोणी विचारत नाही. दारू थांबवायची इच्छा पाहिजे, एवढी एकच अट. शेवटी एक पिशवी फिरते, दहावीस रुपये टाकले तर टाकले, पहिल्या दिवशी तर टाकूच नका म्हणतात. चहा आणि हॉलचं भाडं त्यातूनच निघतं, बाहेरची देणगी एए घेत नाही.

मीटिंग कुठे ते एए इंडियाच्या वेबसाईटवर शहराप्रमाणे बघा आणि जायच्या आधी तिथल्या नंबरवर फोन करून खात्री करा कारण जागा बदलतात, मी पहिल्यांदा गेलो तर शाळेला कुलूप, आणि खरं सांगू, मला आनंदच झाला होता, तडक वाईन शॉप गाठलं. ओपन मीटिंगला घरचे पण चालतात, क्लोज्डला फक्त आपण पिणारे. बोलायची सक्ती नाही, "आज ऐकतो" म्हणा, पुढचा सुरू करतो.

ओळखीच्याचं म्हणाल तर मला दुसऱ्याच आठवड्यात माझ्या मुलाचे क्लासचे सर भेटले. दोघं पण गार. नंतर पालक मीटिंगला समोरासमोर आलो, त्यांनी गणिताचे मार्क सांगितले, मी ऐकले, विषय संपला. ते तिथे काय देवदर्शनाला आले होते का?

आणि श्रावण पाळणारे आमच्या ग्रुपमध्ये निम्मे असतील. श्रावण जमतो कारण कधी संपणार ती तारीख कॅलेंडरवर दिसत असते. इथे तारीखच नसते म्हणून एकदम जन्मभराचं बोलत नाहीत, फक्त आजचा दिवस.

वॉर्डातली_ताई
दादा, ते हात थरथरण्याचं हलक्यात घेऊ नका. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली की दोनतीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, माणूस भलतंच बरळायला लागतो, जीवावर बेतू शकतं. आधी डॉक्टरला किती पिता ते खरं सांगा (सगळे निम्मंच सांगतात), ते गोळ्या देऊन उतरवतात. मीटिंग पाहिजेच पण ती औषधाच्या जागी नाही. कुठे जायचं सुचत नसेल तर 14446 हा सरकारी व्यसनमुक्तीचा नंबर आहे, फुकट.

नास्तिक_नागपूरकर
एक आधीच सांगून ठेवतो, प्रार्थना असते आणि एएच्या बारा पायऱ्यांमध्ये (दारू सोडायचे त्यांचे टप्पे) देव येतो. मी तीन मीटिंगनंतर वैतागून बंद केलं होतं. मग एक म्हातारे काका म्हणाले, देव नको तर या खोलीतल्या पंधरा माणसांना मोठं मान की, तुझ्या एकट्यापेक्षा तर जास्त आहेत ना. तेवढ्यावर टिकलो बुवा. तरी नाहीच पटलं तर तुमच्या पुण्यातच येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, अवचटांनी 1986 ला सुरू केलेलं, तिथे पण चौकशी करा.

चहावाली_वहिनी
भाऊ, बायकोला सांगा हो. तिला माहीत नाही असं तुम्हाला वाटतंय फक्त. मी यांच्या चहात दारू सोडवायची गोळी गुपचूप घालायचे, शेजारणीने दिलेली. हे एका हळदीला प्यायले आणि चेहरा लालभडक, छातीत धडधड, उलट्या, रात्र दवाखान्यात काढली. ती गोळी माणसाला सांगूनच आणि डॉक्टरांच्या हाताखालीच द्यायची असते हे मला तिथे कळलं, बोलणी खाल्ली ती वेगळी. घरच्यांसाठी अल-अॅनॉन म्हणून वेगळे ग्रुप असतात, मी तिथे जाते. यांची स्लिप झाली, म्हणजे परत प्यायले, तरी मी जाते.

फर्स्टशिफ्ट_चाकण
सगळ्यांना उत्तर देतो. डॉक्टरकडे जाऊन आलो, खरा आकडा सांगितला, गोळ्या चालू. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, गच्चीतल्या टाकीमागच्या बाटल्या भंगारवाल्याला कोण देतं असं वाटलं तुम्हाला?

काल मीटिंगला गेलो. शाळेच्या गेटपाशी दोन चकरा मारल्या, तिसऱ्यांदा वॉचमनच ओरडला, "मीटिंग ना? वर जा, तिसरी ब." सोळासतरा जण, ओळखीचं कोणी नाही. बोललो नाही, नाव सांगताना पण घशातून आवाज फुटेना. एकाला दारू सोडून एक वर्ष झालं होतं, त्यालाच बर्थडे म्हणतात, केक होता. तिसरीच्या पोरांची बाकडी, गुडघे अजून दुखतायत. गुरुवारी परत आहे, सेकंड शिफ्ट लागलीये पण एकाशी बदली करून घेतली, कारण दाताचं सांगितलं.