घरच्या फरशीवर पिलाटीज: सोलापूरकरांनो, तुमचं कुठं अडलं ते लिहा

सात रस्त्याहून सकाळी फिरायला निघणाऱ्या आम्हा मैत्रिणींपैकी प्रत्येकीच्या फोनमध्ये पिलाटीजचा एक तरी व्हिडिओ साठवलेला निघाला. ‘वीस मिनिटांत, घरच्या घरी, साहित्याशिवाय’ अशा थाटाचा. शेवटपर्यंत केलेला मात्र एखादीनेच. का, म्हणून विचारत गेले तर एकेकीने जे सांगितलं ते कुठल्याच व्हिडिओत ऐकलं नव्हतं. म्हणून हा धागा.

ज्यांनी नुसतं नाव ऐकलंय त्यांच्यासाठी थोडं. हा व्यायाम ज्याने काढला आणि ज्याच्या नावाने तो ओळखला जातो, तो जोसेफ पिलाटीज हा १८८३ साली जर्मनीत जन्मलेला माणूस. पहिल्या महायुद्धात जर्मन म्हणून ब्रिटिशांनी त्याला छावणीत डांबलं, तिथे तो बरोबरच्या कैद्यांकडून व्यायाम करून घ्यायचा. पुढे न्यूयॉर्कला त्याने आणि त्याची जोडीदार क्लारा हिने मिळून स्टुडिओ चालवला. १९४५ साली त्याने जमिनीवरचे ३४ व्यायाम क्रम लावून छापले. आपल्या वीस मिनिटांच्या व्हिडिओत त्यातले आठ-दहा उचललेले असतात. स्प्रिंगांवर मागेपुढे सरकणारं रिफॉर्मर नावाचं यंत्रही असतं, पण ते क्लासवाल्यांचं. इथे फक्त फरशीवरचं लिहा.

वजन किती उतरलं ते कृपा करून नको. काय अंथरलंत, कोणता प्रकार अडला आणि त्याच्या जागी काय केलंत, ते हवंय.

जुळे सोलापूर, बँकेत नोकरी

मी पहिल्याच प्रकाराला अडले. ‘हंड्रेड’. पाठीवर झोपून डोकं-खांदे उचलायचे, पाय पुढे तिरके धरायचे आणि दोन्ही हात अंगाच्या बाजूला वरखाली हलवत पाच मोजेपर्यंत श्वास आत, पाच मोजेपर्यंत बाहेर. असे दहा फेरे, म्हणून शंभर. व्हिडिओतली मुलगी हे करता करता गप्पा मारत होती. माझ्या पोटाला काही कळलंच नाही, मान मात्र अशी धरली की दुसऱ्या दिवशी काउंटरवर बसून ग्राहकाकडे बघायला अख्खी वळत होते.

आमच्या खालच्या मजल्यावर एक फिजिओथेरपिस्ट राहतात. त्या म्हणाल्या, पोट कमी पडलं की त्याचं काम मान करते. डोकं खाली ठेवा, गुडघे काटकोनात दुमडून नडग्या आडव्या धरा आणि फक्त हात हलवा. पाय जितके लांब आणि जितके खाली, तितका पोटावर भार. कंबर फरशीपासून कमान करायला लागली की पाय वर घ्यायचे. एवढं एक वाक्य त्या मुलीने सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

दुसरी अडचण पाण्याची. ती फक्त सोलापूरकरांनाच कळेल. काही दिवसांआड नळ येतो आणि येतो त्या दिवशी बाकी सगळं रद्द. एकदा ‘आता डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या’ असं ती म्हणतेय तोच जिन्यातून आरोळी आली, ‘पाणी सुटलंऽऽ!’ सगळी बिल्डिंग मोटारीकडे. आता पाण्याच्या दिवशी मी व्हिडिओ लावतच नाही. बादली उचलताना श्वास बाहेर सोडायचा, तेवढं मात्र पाळते. तेही त्यातलंच आहे.

होटगी रोड

व्हिडिओतली बाई ‘अजून फक्त चार’ म्हणते आणि आठ करून घेते. सोडलं. संध्याकाळी संभाजी तलावाला फेऱ्या मारतो, तिथे कोणी मोजत नाही.

अशोक चौकाजवळ, खासगी क्लासमध्ये शिकवते

माझ्यापेक्षा हा अम्माचा अनुभव आहे. अम्मा लग्न होऊन आली तेव्हापासून विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात जर्दा आणि कापलेली पानं, नजर खाली. हजार विड्या भरायच्या म्हणजे सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तीच बैठक. पाठ वरच्या बाजूला गोल झालीय, मान पुढे आलीय. भिंतीला पाठ लावून उभी केली तर डोकं भिंतीला टेकत नाही.

व्हिडिओ मी माझ्यासाठी लावला होता. ती शेजारी सूप घेऊन बसलेली. थोडा वेळ बघून म्हणाली, ‘ही पोरगी सगळं पुढंच वाकून का करायली?’ बघितलं तर खरंच. हंड्रेड, मग रोल-अप म्हणजे झोपल्या जागेवरून पाठ गोल करत उठून बसणं, मग गुडघे कवटाळून पाठीवर लोळणं, मग एक पाय छातीशी, मग दोन्ही. अर्ध्याहून जास्त व्हिडिओ पाठ पुढेच गोल होत होती. मूळ ३४ च्या क्रमात पालथं झोपून छाती उचलायचे, मागे ताणायचे प्रकार आहेत, पण ते नंतर येतात. व्हिडिओवाल्यांची वीस मिनिटं तोवर संपत आलेली असतात. जी बाई दिवसभर पुढे वाकून बसते तिला आणखी पुढे वाकवून काय साधणार?

अम्माला आधी डॉक्टरांना दाखवलं. तिची हाडं ठिसूळ होत चाललीत. त्यांनी बजावलं की पाठ गोल करून वाकायचं नाही, लोळायचं तर मुळीच नाही, मणक्याचं हाड दबून मोडू शकतं. म्हणून आम्ही व्हिडिओ मागून सुरू केला. पालथं झोपायचं, कपाळ हातांवर ठेवायचं, श्वास सोडत छाती बोटभर उचलायची आणि खाली. त्याहून जास्त नाही. मान वर करून समोर बघायचं नाही, नजर जमिनीकडेच. मग उभं राहून भिंतीला पाठ लावून हात वर सरकवायचे. पालथं झोपायला अम्मा लाजत होती, दार लावून घ्यायला लावलं.

एक गंमत. पाठीवर झोपून एक पाय वर धरून हवेत गोल फिरवायचा प्रकार असतो. माझा पाय थरथरत होता आणि त्याच्याबरोबर कंबरही हलत होती. अम्माने सहज फिरवला, कंबर जागची हलली नाही. जन्मभर मांडी घालून बसल्याचा एवढा तरी फायदा. माझ्याकडे बघून तेलुगूत जे म्हणाली ते इथे लिहीत नाही.

आता ती दोन-चार कट्टे बांधून झाले की सूप बाजूला ठेवते, हात मागे नेऊन खांदे उघडते आणि पुन्हा बसते. तेवढ्यानं रोजच्या विड्या कमी भरत नाहीत, हे तिने स्वतः मोजून बघितलं, मगच मान्य केलं. पाठ सरळ झालेली नाही, होईल असंही नाही. रात्री दोन उशा घ्यायची, आता एक घेते.

(धागा काढणारी) ताई, अम्मांचा प्रश्न मला फार आवडला. शिलाई मशीनवर बसणाऱ्या, संगणकावर बसणाऱ्या सगळ्यांनाच तो लागू आहे. अंथरायचं काय, यावर अजून कोणी लिहिलेलं नाही.

अक्कलकोट रोड, यंत्रमाग

लिहितो. चादरी विणणाऱ्या गावात मॅट विकत आणायची का, यावर आमच्या घरात बैठक झाली. वडील म्हणाले, दुकानात हसतील लोक. म्हणून घरचीच जेकार्ड चादर चौपदरी करून शहाबादी फरशीवर टाकली. बायकोनं गुडघे पोटाशी घेऊन मागं लोळी घेतली ती चादरीसकट दिवाणाखाली, आणि उलट्या पडलेल्या कासवागत तिथंच हातपाय हलवत राहिली. चादर सरकते. शिवाय चौपदरी असली तरी मणक्याचे टोक फरशीला टोचतातच.

मग माहिती काढली. योगाची मॅट साधारण ४ ते ६ मिलिमीटर जाड असते, पिलाटीजची १० ते १५. पाठीवर लोळायचं असतं म्हणून. आम्ही खाली जड सुती सतरंजी आणि तिच्यावर चादर असं जमवलं. सतरंजी हलत नाही. लोळायचा प्रकार मात्र यादीतून काढला.

मी स्वतः पाळी संपवून आल्यावर त्यातलं एकच करतो. दिवसभर मागापुढं उभं राहून पोटऱ्या दगड झालेल्या असतात. पाठीवर पडून पाय स्टुलावर ठेवायचे, गुडघे काटकोनात, आणि फासळ्या बाजूला फुलतील असा श्वास घ्यायचा. व्हिडिओत ही सुरुवातीची तयारी म्हणून अर्धा मिनिट दाखवतात. माझा तोच अख्खा व्यायाम.

बाळीवेस

दार लावून केलं, तरी पोरांना कळलंच. ‘काय बे, बायकांचा व्यायाम करालास?’ वर लिहिलंय ते त्यांना वाचून दाखवलं, की काढणारा गडी होता आणि छावणीतल्या गड्यांकडून करून घ्यायचा. गप झाले.

मी संक्रांतीला, सिद्धेश्वरांच्या यात्रेत खांद्या-कमरेवर पेलत नेतात त्या उंच काठीच्या, म्हणजे नंदीध्वजाच्या सरावाला असतो. ज्यांनी गड्ड्याला, म्हणजे त्या यात्रेला, सातही नंदीध्वज जाताना बघितलेत त्यांना माहितीय, ती काठी केवढी उंच आणि वर गेलेलं वजन कसं झोके खातं. दंडाचा जोर तिथं फार पुरत नाही. तोल कमरेतून सांभाळायचा असतो, आणि तोही शहरातल्या ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर चालत. थोरली माणसं नव्या पोराला पहिलं हेच सांगतात, श्वास कोंडू नको. आम्हाला वाटायचं, ते घाबरू नये म्हणून सांगतात.

व्हिडिओत एका कुशीवर झोपून वरचा पाय पुढं-मागं न्यायचा प्रकार आहे. दिसायला काहीच नाही. पण पाय हलताना धड हलू द्यायचं नाही म्हटल्यावर घाम फुटला. श्वास कोंडला की धड लगेच डुलतं, हे तिथं समजलं. बाकी पुशअप वगैरे आमच्यासाठी हलकं आहे. तालमीतल्या पोरांनी हे कुशीवरचं आणि चार पायांवर राहून उलटा हात-पाय लांब करायचं, एवढंच करून बघावं. आणि हळू करावं. आमची पोरं झटका देऊन उरकतात, मग म्हणतात सोपं आहे.

विजापूर रोड, बाळ आठ महिन्यांचं

माझ्या व्हिडिओवर ‘बाळंतपणानंतर सुरक्षित’ असं लिहिलेलं होतं आणि तिसऱ्या मिनिटाला रोल-अप. झोपल्या जागेवरून उठताना पोटाच्या मधोमध उभा उंचवटा यायचा, डोंगराच्या कडेसारखा नव्हे पण दिसेल इतका. फिजिओथेरपिस्टने पाठीवर झोपवलं, डोकं जरा उचलायला लावलं आणि बेंबीच्या वर-खाली बोटं ठेवून बघितलं. पोटाचे दोन उभे स्नायू मधून फाकलेले असतात, अंतर दोन बोटांहून जास्त असेल तर डोकं-खांदे उचलायचे प्रकार थांबवा, असं मला सांगितलं. तो उंचवटा दिसला की भार जास्त झाला हे समजायचं.

सासूबाईंचं म्हणणं वेगळं. पोट बांध, शेक घे, फरशीवर झोपू नको, वारं धरतं. आमचा समझोता असा झाला: जमिनीवर घोंगडी, वर सतरंजी, खिडकी बंद. मी टाच सरकवत पाय लांब करणं, श्वास सोडताना ओटीपोटाचा तळ वर ओढणं आणि गुडघे दुमडून कंबर उचलणं, एवढंच करते. तेवढ्यात बाळ येऊन पोटावर चढतं. त्याचं वजन कोणत्याच कोष्टकात नाही.

रेल्वे लाइन्स, निवृत्त शिक्षक

आपल्याकडे नौकासन आहे, भुजंगासन आहे, सेतुबंधासन आहे. तीच आसनं इंग्रजी बोलत परत आली म्हणून टाळ्या वाजवायच्या का? तरीही नातीने पुण्याहून दुवा पाठवला, म्हणून पाहिला. वेग मला मानवला नाही. सूचना ऐकून, समजून, हातपाय हलवेपर्यंत ती पुढच्या प्रकारावर गेलेली. शिवाय मान वर करून टीव्हीकडे बघत पोटाचे व्यायाम करणे ही मानेला शिक्षाच आहे.

(धागा काढणारी) सर, आकार सारखे दिसतात हे खरं. फरक मला जाणवला तो असा की आसनात आपण जाऊन थांबतो, इथे थांबायचं नसतं, श्वासाच्या मापाने हलत राहायचं असतं. कोणतं श्रेष्ठ हा वाद मात्र या धाग्यावर नको, त्याने दोनशे प्रतिसाद होतील आणि व्यायाम कोणीच करणार नाही. वेगाबद्दल पूर्ण सहमत.

रेल्वे लाइन्स, निवृत्त शिक्षक

वाद नाही, आता उपाय लिहितो. व्हिडिओ आधी खुर्चीत बसून चहा पीत सगळा पाहिला. जे पाच प्रकार माझ्या रक्तदाबाच्या डॉक्टरांनी चालतील म्हटले ते वहीत उतरवले, कमरेपेक्षा डोकं खाली जाणारे वगळले. आता टीव्ही बंद. सौ. वही वाचते, मी करतो. ती माझ्या गतीने वाचते आणि मी श्वास कोंडला तर वाचायची थांबते. दिवाणावर करून बघितलं होतं, गादीत कंबर रुतते, फरशीच बरी.

जुळे सोलापूर, बँकेत नोकरी

सर, वहीची कल्पना उचलली. मे महिन्यासाठी कोणाकडे काही उपाय? ४२-४३ अंशांत पंख्याखालीही फरशी तापलेली असते, आणि कूलर लावला तर त्या मुलीचा आवाज ऐकू येत नाही.

अशोक चौकाजवळ

आम्ही गच्चीवर करतो, उजाडायच्या आत. रात्री गच्चीवरच झोपतो, त्यामुळे अंथरूण असतंच. आठ दिवस झाले नाहीत तोच शेजारच्या गच्चीवरच्या दोघीजणी अम्माचं बघून पालथ्या व्हायला लागल्या. आवाज लागत नाही, अम्माच सांगते. फक्त सूर्य वर यायच्या आत उरका, आणि पाण्याचा दिवस असेल तर मोबाईल नळाशेजारी ठेवा.