मोझांबिकच्या जुन्या नोटांवर दुसऱ्या बँकेचं नाव का?

फोंड्याची सून:
माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ बेइरा बंदरात कारकून होते. मोझांबिक स्वतंत्र झाल्यावर गोव्यात परतले. त्यांच्या कागदपत्रांत 50 आणि 100 एस्कुदोच्या नोटा मिळाल्या. छापील नाव 'बांको नासियोनाल उल्त्रामारिनु', पण काहींवर वरून 'बांको द मोसांबीक' असं ठोकलंय. बनावट असतील का? विकायच्या नाहीत. मुलगी विचारते, तिला नीट सांगता यावं एवढंच.

म्हापशेकर:
ताई, असा शिक्का खुद्द मोझांबिक सरकारनेच मारला होता, त्यामुळे तेवढ्यावरून शंका घेऊ नका. उल्त्रामारिनु ही लिस्बनची बँक, 1864 ची. बहुतेक पोर्तुगीज वसाहतींच्या नोटा तीच काढायची. आपल्या पणजीतही 1868 पासून तिची शाखा होती आणि गोव्याच्या रुपिया नोटांवर तिचंच नाव असे. 25 जून 1975 ला मोझांबिक स्वतंत्र झालं. त्याआधी महिनाभर स्थापन झालेल्या नव्या बँकेकडे स्वतःच्या नोटा कुठून असणार? जुन्याच नोटांवर नवं नाव छापून त्या चालवल्या. मेतिकाल हे देशाचं स्वतःचं चलन आलं थेट 1980 च्या जूनमध्ये.

100 च्या नोटेवरचं नाव वाचा, आयरेस द ओर्नेलास असेल. दक्षिण मोझांबिकमधल्या गाझा राज्याचा राजा गुंगुन्याना याच्यावरच्या 1895 च्या मोहिमेत तो पोर्तुगीज अधिकारी होता. स्वतंत्र देशाला काही वर्षं त्याचाच चेहरा खिशात वागवावा लागला! शिक्क्याच्या नोटा मला सगळ्यात जवळच्या वाटतात त्या यामुळेच.

आणि मुलीला खाणकामगारांचं जरूर सांगा. दक्षिण मोझांबिकचे हजारो पुरुष जोहान्सबर्गकडच्या सोन्याच्या खाणींत जात. 1928 च्या करारापासून त्यांच्या पगाराचा काही भाग राखून ठेवला जाई. पुढे ही रक्कम दक्षिण आफ्रिका पोर्तुगालला सोन्यात देऊ लागली, तेही अधिकृत दराने. 1968 नंतर खुल्या बाजारात सोनं महागलं. वरचा नफा पोर्तुगीज सरकारला, आणि गावी परतलेल्या कामगाराच्या हातात मात्र एस्कुदोचे हे कागद. स्वातंत्र्यानंतर तो नफा नव्या सरकारला मिळू लागला, पण 1978 मध्ये दक्षिण आफ्रिकेने ही पद्धतच बंद केली. मग यादवी युद्ध, महागाई. 2006 मध्ये हजार जुन्या मेतिकालांचं एक नवं झालं.

मडगावचा संग्राहक:
पूर्व आफ्रिकेच्या शिलिंग नोटाही पाहा. त्यांवर इंग्रजी आणि अरबीबरोबर गुजराती अक्षरं आहेत. ब्रिटिशांच्या त्या भागात 1920 पर्यंत रुपयाच चालायचा, दुकानदारी बरीचशी गुजरात्यांच्या हाती. नैरोबीला राहिलेल्या गोंयकारांच्या घरी अशा नोटा अजून निघतात.

फोंड्याची सून:
खाणींचं काहीच ठाऊक नव्हतं. काकांनी बंदराखेरीज कधी काही सांगितलं नाही. मनापासून आभार. आता पावसाळ्यात या जपायच्या कशा? एका नोटेला सेलोटेप आहे.

म्हापशेकर:
सेलोटेप ओढू नका, छपाई उखडेल. लॅमिनेशन नको, इस्त्रीही नको. पीव्हीसी नसलेली पाकिटं घ्या, प्रत्येक नोट वेगळी ठेवा. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि जूनपासून त्या अधूनमधून बदला. काकांचं बेइरातलं ओळखपत्र किंवा पगाराची पावती सापडली तर ती याच नोटांसोबत ठेवा. नोटा बाजारात मिळतील, ते कागद मिळायचे नाहीत.