भीमाशंकरला क्वाड्रॅट टाकायचे आहेत: २४ मुलं, एक दिवस

वनवेल:
डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बीएस्सी दुसऱ्या वर्षाची २४ मुलं भीमाशंकरला नेणार आहे. क्वाड्रॅट, म्हणजे जमिनीवर आखलेले मोजणीचे चौकोन, टाकून निमसदाहरित रानातल्या झाडांची घनता, वारंवारिता (एखादी जात किती चौकोनांत आढळते) आणि आयव्हीआय (घनता, वारंवारिता आणि खोडांच्या आडव्या छेदाचं क्षेत्र मिळून त्या जातीचं महत्त्व सांगणारा आकडा) काढायचा आहे. प्रत्यक्ष रानात सहा तास मिळतील. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एकाच उतारावर १० बाय १० मीटरचे क्वाड्रॅट टाकूनही गटागटांच्या आकड्यांत मोठी तफावत का येते? आणि फुलं-फळं नसताना अंजनी, जांभूळ, पिसा मुलांनी ओळखायचे कसे?

रानमोजणी:
सर, पहिला संशय उतारावर घ्या. टेप जमिनीलगत धरून १० मीटर मोजले की आडवं अंतर कमी भरतं. ३० अंशांच्या चढावर ते ८.६६ मीटरच असतं. म्हणजे चौकोन १०० नव्हे, साधारण ८७ चौरस मीटरचा झाला आणि झाडं तेवढी कमी मोजली गेली. टेप आडवी धरा, उताराकडचं टोक उचलून तिथून ओळंबा सोडा आणि दोन-दोन मीटरच्या टप्प्यांनी पुढे सरका. काटकोन ३, ४ आणि ५ मीटर बाजूंचा त्रिकोण आखून काढा. शेवटी दोन्ही कर्ण तसेच आडवे मोजा, १४.१४ मीटर यायला हवेत. नायलॉनची दोरी ओढली की लांबते, म्हणून ती फक्त हद्द दाखवायला वापरा.

दुसरी चूक खोडाच्या घेराची. तो १.३७ मीटर उंचीवर, चढाकडच्या बाजूला उभं राहून घ्यायचा. अंजनीला बुडापासूनच दोन-तीन खोडं फुटलेली असतात आणि मुलं त्यांचे घेर बेरजेत धरतात. ४० सेंमी घेराच्या दोन खोडांचं छेदक्षेत्र प्रत्येकी १२७, मिळून २५५ चौरस सेंमी. घेर आधी मिळवून ८० केला तर तेच ५०९ होतं, म्हणजे दुप्पट! अंजनीचा आयव्हीआय अवाच्या सवा फुगतो तो इथे. क्षेत्र खोडागणिक काढून मिळवा. संख्येत मात्र झाड एकच धरा.

हद्दीवरच्या झाडाचा नियम निघण्याआधीच ठरवा: बुंध्याचा मध्य आत असेल तर मोजायचं. किमान घेरही सगळ्या गटांना एकच द्या, उदाहरणार्थ ३० सेंमी.

सहा-सहा जणांचे चार गट, प्रत्येकी तीन क्वाड्रॅट, एकूण १२. पहिल्याला तास-सव्वा तास जातो, मग हात बसतो. जागा मुलांना निवडू देऊ नका, ती मोकळी, सोयीची जागाच धरतात. पायवाटेपासून निदान २० मीटर आत जा आणि पुढचं अंतर चिठ्ठ्या टाकून ठरवा. वाटेकडेला उजेड जास्त, त्यामुळे खालची झुडपं निराळी असतात.

पानोळा:
ओळखीसाठी पान सूर्यासमोर धरायला शिकवा. जांभळाच्या पानात टाचणीच्या टोकाएवढे पारदर्शक ठिपके चमकतात, काठाला समांतर एक शीर धावते आणि चुरडल्यावर वास येतो. अंजनीचं पानही समोरासमोर असतं, पण जाड, चिवट. बाजूच्या शिरा जवळजवळ दिसतच नाहीत आणि चुरडलं तरी तसा वास नाही. पिशाची पानं फांदीच्या टोकाला झुबक्यानं येतात, खालून पांढुरकी. हिरडा असेल तर देठाच्या वरच्या टोकाशी दोन बारीक ग्रंथी बोटाला लागतात.

अभयारण्यात पान तोडायचं नाही. खाली पडलेलं बघा आणि तिथेच ठेवा. मात्र ते शेजारच्या झाडाचंही असू शकतं, म्हणून दुर्बिणीतून वरच्या फांदीशी ताडून पाहा. बिब्याच्या चिकाने कातडीला फोड येतात. खाजकुयलीच्या शेंगांवरची कुसं अंगाला लागली तर मुलांचं काम तिथेच थांबेल, त्यामुळे पूर्ण बाह्यांचे शर्ट सक्तीचे करा.

हिरवीवाट:
परवानगीचं आताच हाती घ्या. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२च्या कलम २८खाली अभ्यासासाठी प्रवेशाचा परवाना मिळतो. वनखात्याच्या अर्जाला मुलांची यादी, तारखा, नकाशा आणि कामाची पद्धत जोडा. मोजलेल्या झाडावर खडूनेच खूण करा. रंग, खिळे अजिबात नकोत. चौकोन टाकण्याआधी वर नजर टाका. आग्या मोहोळ दिसलं तर ती जागा सोडून पुढची चिठ्ठी काढा. अत्तर लावून कुणी येऊ नये. गोचिडांसाठी पँटचे पाय मोज्यांत खोचायचे.

वनवेल:
फार उपयोगी, आभार. घेरांची बेरीजच होत होती. उभी वाळलेली झाडं आणि गारंबीसारख्या वेलींचं काय करायचं?

रानमोजणी:
दोन्हींना वेगळा रकाना. वाळलेलं झाड आयव्हीआयमध्ये धरू नका, पण घेर नोंदवा. वेल क्वाड्रॅटच्या आत रुजलेली असेल तरच मोजा. घेर मुळापासून वेलीच्या अंगाने १.३ मीटरवर घ्या. गारंबीचं खोड चपटं किंवा पिळलेलं असेल तर टेपचा घेर फसवतो. तिथे रुंद आणि अरुंद अशा दोन्ही बाजूंचे व्यास कॅलिपरने घेऊन सरासरी काढा.