मदत हवी आहे : क्वालकॉमचा हँडसेट व्यवसाय आणि पेटंटची रॉयल्टी – वादविवादासाठी मुद्दे हवेत

नमस्कार मंडळी,

रत्नागिरीतील आमच्या महाविद्यालयात ‘हँडसेटचा व्यवसाय विकणे ही क्वालकॉमची (मोबाइलच्या चिप बनवणारी अमेरिकी कंपनी) माघार होती’ या विषयावर वादविवाद ठरला असून, विषयाच्या विरुद्ध बोलणाऱ्या मुलांची तयारी मी करून घेत आहे.

माघारीच्या मुद्द्याला उत्तर आहे. सीडीएमए हे क्वालकॉमचे मोबाइल नेटवर्कचे तंत्र नवे असताना त्याचे फोन कोणी बनवत नव्हते, आणि फोनच नसतील तर ती यंत्रणा कोणती दूरसंचार कंपनी घेणार? म्हणून क्वालकॉमने सोनीला भागीदार करून स्वतःच हँडसेट काढले. पुढे इतर उत्पादक परवाना घेऊन फोन बनवू लागले, तेव्हा आपल्याच परवानाधारकांसमोर दुकान मांडून बसण्यात अर्थ उरला नाही. १९९९ मध्ये नेटवर्क उपकरणांचा विभाग एरिक्सनकडे आणि २००० मध्ये हँडसेटचा विभाग क्योसेराकडे गेला. चिप आणि पेटंट मात्र घरातच राहिले. २००३ च्या पावसाळ्यात रिलायन्सने ५०१ रुपयांत घरोघरी पोहोचवलेले, सिमकार्डाची खाचच नसलेले ते हँडसेट मुलांच्या पालकांना नक्की आठवतील. त्यांच्यावर नाव दुसऱ्यांचे होते, तंत्र क्वालकॉमचे.

घोडे पेंड खाते ते रॉयल्टीपाशी. ती चिपच्या किमतीवर न घेता संपूर्ण हँडसेटच्या किमतीच्या टक्केवारीने घेतली जाते, म्हणजे कॅमेरा किंवा पडदा महाग झाला तरी पेटंटधारकाचा वाटा वाढतो. एका विद्यार्थिनीने दाखला दिला, की कराराने दिलेल्या हापूसच्या बागेचा मालक ठरलेली रक्कम घेतो, पेटी वाशीला काय भावाने गेली ते विचारत नाही. दाखला झकास आहे. पण एका मोसमात एकच बाग शंभर जणांना देता येत नाही, पेटंटचा परवाना देता येतो, हे समोरचे लगेच दाखवतील.

त्यातच चीनने २०१५ मध्ये क्वालकॉमला ९७.५ कोटी डॉलरचा दंड केला आणि तेथे विकल्या जाणाऱ्या फोनच्या निव्वळ किमतीच्या ६५ टक्क्यांवरच रॉयल्टी आकारण्याचे ठरले. उलट, पेटंटचा परवाना घेतल्याशिवाय चिप न देण्याच्या क्वालकॉमच्या धोरणाविरुद्ध अमेरिकेत २०१९ मध्ये लागलेला निकाल अपिलात २०२० मध्ये फिरला. बेकायदा नाही म्हणजे न्याय्य आहे, असे मुलांनी म्हणू नये असे मला वाटते, पण मग म्हणावे काय?

दूरसंचार किंवा पेटंट कायद्याच्या क्षेत्रातील जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पेटंट केवळ चिपचे नसून फोन आणि नेटवर्क यांच्या एकत्रित कामाचे आहे, हा कंपनीचा युक्तिवाद वाणिज्य शाखेच्या मुलांना कसा समजावावा? आणि एरिक्सन व भारतीय फोन कंपनी मायक्रोमॅक्स यांच्यातील पेटंटच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने रॉयल्टीची अंतरिम रक्कमही विक्री किमतीच्या टक्केवारीनेच ठरवली होती, तो दाखला आमच्या बाजूने वापरावा, की तो समोरच्यांच्या हाती कोलीत देण्यासारखे होईल?